करीनाची 'स्टाइल डायरी': फॅशनचा सल्ला देणारं पुस्तक आत्मचरित्र म्हणून कसं वाचायचं?

२०१२ हे वर्ष करीना कपूरसाठी धामधुमीचं होतं. ऑक्टोबरमध्ये तिचं सैफ अली खानशी लग्न झालं आणि त्याच वर्षी तिच्या नावावर एक पुस्तक आलं, 'द स्टाइल डायरी ऑफ अ बॉलीवूड दिवा'. सहलेखिका होती रोशेल पिंटो. प्रकाशक पेंग्विन, आणि पेंग्विनच्या ज्या शाखेतून हे पुस्तक निघालं तिचं नाव 'शोभा डे बुक्स'. म्हणजे साताऱ्यात जन्मलेल्या, माहेरच्या राजाध्यक्ष असलेल्या शोभा डे यांची.

पुस्तकात काय आहे? कपडे कसे निवडायचे, मेकअप कसा करायचा, काय खायचं, व्यायाम कोणता करायचा आणि भरपूर फोटो. अशी पुस्तकं वाढदिवसाला भेट दिली जातात, एका बैठकीत चाळली जातात आणि मग पार्लरच्या टेबलावर जुन्या मासिकांच्या खाली जाऊन बसतात. साहित्य म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

पण त्या शीर्षकाकडे जरा नीट बघा. तीन शब्द आहेत आणि तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत. 'स्टाइल' म्हणजे तुम्हाला द्यायचा सल्ला. 'डायरी' म्हणजे खासगी गोष्ट, जी माणूस स्वतःसाठी लिहितो आणि उशीखाली ठेवतो. आणि 'दिवा' म्हणजे जिला सगळं जग बघतंय ती. खासगी वही, जगासमोर, सल्ल्याच्या रूपात. प्रकाशकाने शीर्षकातच सांगून टाकलंय की हे नुसतं 'काय घालावं'चं पुस्तक नाही. 'मी कोण आहे' हे सांगायला कपड्यांचा आधार घेतलेला आहे.

तर विषय असा आहे की सेलिब्रिटींची फॅशनची, ब्युटीची, डाएटची पुस्तकं सल्ला म्हणून वाचली तर बहुतेक वेळा फसायला होतं. तीच आत्मचरित्र म्हणून वाचली तर बरंच काही हाती लागतं.

'नेसावी' आणि 'नेसले' यांच्यातलं अंतर

मराठीत सल्ला द्यायला एक खास रूप आहे. 'साडी नेसावी', 'भडक रंग टाळावेत', 'रात्री उशिरा जेवू नये'. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. या वाक्यात 'मी' कुठेच नसतो, तारीख नसते, ठिकाण नसतं. जणू हा नियम आभाळातूनच पडलाय.

घरात मात्र सगळ्यांना ठाऊक असतं की तो आभाळातून पडलेला नाही. आजी म्हणते, "चार माणसांत जाताना पदराला पिन लावूनच जावं." त्यावर मावशी गालात हसते, कारण कुणाच्या तरी साखरपुड्यात कुणाचा तरी पदर सुटला होता. "उन्हाळ्यातल्या लग्नाला सिंथेटिक नेसू नये" या वाक्याच्या मागे एक मे महिना, एक पत्र्याचा मांडव आणि घामाने भिजलेली एक करवली असते. नियम उरतो, गोष्ट गळून पडते.

सल्ल्याच्या पुस्तकाचं असंच असतं. त्यातलं प्रत्येक 'करू नका' हे बहुतेक वेळा 'मी केलं होतं'चं धुतलेलं, इस्त्री केलेलं रूप असतं. लेखिका म्हणते, "कुणाच्या सांगण्यावरून कपडे घालू नका." म्हणजे कुणीतरी सांगत होतं आणि ती घालत होती. ती म्हणते, "आरशासमोर स्वतःला नावं ठेवू नका." म्हणजे आरशासमोर काय झालं होतं ते वाचणाऱ्याने ओळखायचं.

फ्रान्समधले अभ्यासक फिलिप लज्यून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राबद्दल एक साधी कसोटी मांडली होती. मुखपृष्ठावर जिचं नाव आहे, पुस्तकात जी बोलतेय आणि जिच्याबद्दल बोललं जातंय, त्या तिघी एकच असतील तर लेखक आणि वाचक यांच्यात एक करार होतो: हे माझं आयुष्य आहे, मी ते खरं म्हणून सांगतेय. सेलिब्रिटीच्या फॅशन पुस्तकावर तर नावाच्या जोडीला तिचा चेहराही छापलेला असतो. करारावर सही, वर फोटोसुद्धा. फरक एवढाच की आतला मजकूर 'तुम्ही असं करा' या भाषेत आहे.

२००८ साल बाजूला ठेवून वाचा

करीनाच्या पुस्तकातला आहार-व्यायामाचा भाग आणि 'टशन' हा सिनेमा शेजारी शेजारी ठेवा. 'टशन' २००८ मध्ये आला. सिनेमा फारसा चालला नाही, पण त्यातल्या करीनाच्या 'साइज झिरो'वर देशभर चर्चा झाली. त्याआधीच्या वर्षी 'जब वी मेट'मध्ये तीच करीना टी-शर्ट आणि पटियाला सलवारमध्ये गीत म्हणून आली होती आणि गावोगावच्या कॉलेजच्या मुली तशाच सलवारी शिवून घेत होत्या. एका वर्षात एकाच मुलीचं शरीर दोन वेगळ्या कारणांनी देशाच्या चर्चेचा विषय झालं. तेव्हा ती अठ्ठावीसचीही झाली नव्हती.

आता त्यानंतर चार वर्षांनी हीच बाई खाण्यापिण्यावर सल्ला देते. हा सल्ला कोऱ्या पाटीवर लिहिलेला नाही. तिच्या शरीरावर आधी सगळ्यांनी बोलून घेतलं होतं आणि आता ती स्वतः बोलतेय. वजनाबद्दलचं प्रत्येक वाक्य त्या चर्चेला दिलेलं उत्तर म्हणून वाचलं की त्याचा सूर वेगळाच लागतो. काही ठिकाणी ती स्वतःची बाजू मांडतेय असं वाटतं, काही ठिकाणी विषय बदलतेय असं.

इथे एक मराठी माणूस मधेच येतो, तोही सांगायला हवा. करीनाची त्या काळातली आहारतज्ज्ञ म्हणजे ऋजुता दिवेकर. त्यांचं 'डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट' हे पुस्तक २००९ मध्ये आलं आणि तुफान खपलं. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका, आपल्या घरी पिढ्यान्पिढ्या जे शिजतंय ते सोडू नका, हा त्यांचा धोशा. मुंबईच्या हिरॉइनच्या ताटात तूप-भाताला मान परत मिळवून देण्यात मराठी स्वयंपाकघराचाही वाटा आहे म्हणायचा.

आता जे वाक्यांत येत नाही त्याकडे बघू. करीना ज्या घरातून आली त्या कपूर घराण्यात बबिता आणि नीतू सिंग यांनी लग्नानंतर सिनेमा सोडला होता. मोठी बहीण करिश्मा १९९१ मध्ये 'प्रेम कैदी'तून पडद्यावर आली आणि ती चौकट मोडली. करीना २००० मध्ये 'रेफ्युजी'तून आली. हे माहीत असलं की 'कामावर जाताना कसं दिसावं' यासारखा साधा विषयसुद्धा हलका राहत नाही. ज्या घरात सुनांनी कामावर जाणं थांबवलं त्या घरातली मुलगी, स्वतःच्या लग्नाच्या वर्षी, नोकरी करणाऱ्या बाईच्या थाटात कपड्यांचं कपाट लावून दाखवतेय. पुस्तकात घराण्याचा इतिहास लिहायची गरजच पडत नाही.

२०२१ मध्ये ती पुन्हा अशाच वाटेने आली. दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर 'करीना कपूर खान्स प्रेग्नन्सी बायबल' हे पुस्तक आलं, तेही सहलेखिकेबरोबर, तेही सल्ल्याचं. म्हणजे तरुणपण एका सल्ल्याच्या पुस्तकात, आईपण दुसऱ्या. मधल्या नऊ वर्षांत काय काय बदललं ते दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की दिसतं. नावात आधी नुसती 'दिवा' होती, नंतर 'कपूर खान' आलं.

देवळाली प्रवरात या पुस्तकाचा उपयोग काय?

राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा घ्या. (नाशिकजवळची, लष्करी छावणीची देवळाली वेगळी. गुगलवर शोधताना हमखास गल्लत होते.) उसाचा पट्टा, स्वतःची नगरपरिषद, जवळच राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. अशा गावात लग्नसराईत ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे मुली पुस्तक घेऊन जात नाहीत, मोबाइल घेऊन जातात. "मागचा गळा असा, बाह्या अशा, खाली लटकन." शिवणारी फोटो मोठा करून बघते आणि पहिला प्रश्न विचारते, "कापड कोणतंय? अस्तर लावायचं का?" कारण तिला माहीत असतं की फोटोतला ब्लाउज त्या बाईच्या अंगावर नुसता शिवून बसलेला नाही. शूटिंगच्या वेळी कपडे पाठीमागून पिना आणि क्लिपा लावून घट्ट केलेले असतात. कॅमेरा पुढून असतो.

आता अशा ठिकाणी सल्ला म्हणून ते पुस्तक वाचा. परदेशी सहलीची बॅग, ब्रँडचे बूट, रोजचा ट्रेनर. यातलं इथे लागू काय होणार? उपयोगाचं फार थोडं. आणि जी मुलगी ते सगळं खरंच लागू करायला जाईल तिच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात: खर्च, आणि 'आपण कमी पडतो' ही भावना. २००८ नंतर साइज झिरोच्या नादात जेवण सोडणाऱ्या मुली फक्त मुंबईत नव्हत्या. सल्ला आणि सल्ला देणारीची परिस्थिती यांची ताटातूट झाली की असं होतं. पोळी टाळायला सांगणारीच्या हाताशी आहारतज्ज्ञ, स्वयंपाकी आणि सिनेमाचं मानधन असतं. ऐकणारीच्या हाताशी दुपारची प्रॅक्टिकल आणि एसटीचा प्रवास.

तेच पुस्तक आत्मचरित्र म्हणून वाचलं की पारडं फिरतं. मग प्रश्न 'मी हे कसं करू?' असा राहत नाही. 'हिला हे का करावं लागलं?' असा होतो. या बाईच्या दिवसाचे किती तास दिसण्यावर जातात? त्याचे पैसे कोण देतं? एखाद्या दिवशी तिने ते केलं नाही तर काय होईल? यांची उत्तरं पुस्तकातच असतात, फक्त ती उपदेशाच्या कपड्यात असतात. शिवणारी बाई फोटोकडे जसं बघते तसं बघायचं. ती फोटोतली शिवण शोधते.

हँगरची गोष्ट

हा प्रकार फक्त हिंदी सिनेमाचा नाही. हॉलिवूडमध्ये याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जोन क्रॉफर्डचं आहे. १९७१ मध्ये तिचं 'माय वे ऑफ लाइफ' आलं. घर कसं टापटीप ठेवावं, कपडे कसे जपावेत, प्रवासाची तयारी कशी करावी, नवऱ्याच्या करिअरला हातभार कसा लावावा, असा सगळा शिस्तीचा मामला. त्याआधी १९६२ मध्ये तिने रीतसर आत्मचरित्रही लिहिलं होतं. पण माणूस कळायला सल्ल्याचं पुस्तक जास्त कामाला येतं.

का ते बघा. जोन क्रॉफर्डचं मूळ नाव लुसिल लसूर. लहानपण गरिबीत गेलं. आई लाँड्रीत काम करायची, मुलं तिथेच राहायची. शिकायला बोर्डिंग शाळेत ठेवलं तर फीच्या बदल्यात तिला साफसफाई करावी लागे. 'जोन क्रॉफर्ड' हे नावसुद्धा तिचं नाही. १९२५ मध्ये एका मासिकाने वाचकांची स्पर्धा घेऊन ते ठरवलं होतं. आता ही बाई साठी ओलांडल्यावर सगळ्या जगाला स्वच्छता, इस्त्री आणि कपाट लावण्याचे धडे देते. दुसऱ्यांचे कपडे धुऊन जिथे पोट भरलं जायचं तिथे वाढलेल्या मुलीची ती भीती आहे, पुन्हा तिथे जावं लागू नये म्हणून केलेली.

१९७७ मध्ये ती वारली. पुढच्याच वर्षी तिची दत्तक मुलगी क्रिस्टिना हिने 'मॉमी डिअरेस्ट' लिहिलं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध झालेली गोष्ट म्हणजे कपाटात तारेचा हँगर दिसला म्हणून आईने केलेला आकांत. जोनच्या जुळ्या मुलींनी आईचं हे चित्र मान्य केलं नाही, तो वाद वेगळा. पण तारेचे हँगर येतात कुठून? लाँड्रीतून.

एडिथ हेडचं 'द ड्रेस डॉक्टर' (१९५९) याच माळेतलं, जरा हसऱ्या स्वभावाचं. तिला वेशभूषेसाठी आठ ऑस्कर मिळाले. पॅरामाउंटमध्ये पहिली नोकरी मात्र तिने दुसऱ्या विद्यार्थ्यांची चित्रं स्वतःची म्हणून दाखवून मिळवली होती, आणि हे तिने पुढे स्वतःच मान्य केलं. 'आत्मविश्वासाने कपडे घाला' असं अशा बाईने सांगितलं की त्या आत्मविश्वासाचा अर्थ नीट कळतो.

मराठीतलं जुनं उदाहरण: रमाबाई

आता थोडं मागे, १८८२ च्या पुण्यात. पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक त्या वर्षी आलं. ते फॅशनचं पुस्तक नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण ते बायकांना सल्ला देणारं पुस्तक आहे, आणि लिहिणारी त्या काळातली खरीखुरी सेलिब्रिटी आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. ती बोलायला उभी राहिली की सभा भरायच्या आणि वर्तमानपत्रांत बातम्या यायच्या.

पुस्तकात स्वावलंबन आहे, शिक्षण आहे, विवाह आहे, घर कसं चालवावं, मुलं कशी वाढवावीत हे आहे. आजच्या वाचणारीला त्यातला बराचसा भाग सोवळा वाटेल. पतिव्रतेचे जुने आदर्शही त्यात आहेत. मग ही बंडखोर बाई इतकं सांभाळून का लिहितेय?

शेजारी तिच्या आयुष्यातल्या तारखा ठेवा. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी दुसऱ्या जातीतल्या, दुसऱ्या प्रांतातल्या बिपिनबिहारी मेधावींशी लग्न. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा गेला. चोविशीच्या आतबाहेरची विधवा, कडेवर मूल, मागे कुणी नाही. ती पुण्यात येते, आर्य महिला समाज काढते आणि त्याच वर्षी बायकांसाठी उपदेशाचं पुस्तक लिहिते, ज्यात स्वावलंबनाला अगदी पुढची जागा आहे. याला निव्वळ उपदेश कसं म्हणायचं? दुसरा आधार नसलेली बाई स्वतःलाच समजावतेय, तेही चारचौघांत.

या पुस्तकाच्या विक्रीतून आलेले पैसे तिच्या इंग्लंडच्या प्रवासाला उपयोगी पडले. १८८३ मध्ये ती निघाली. म्हणजे स्वावलंबनाच्या सल्ल्यानेच तिला स्वावलंबी केलं, अगदी रोख स्वरूपात.

'माझं आयुष्य असं गेलं' असं तिने स्वतःच्या नावाने सांगितलं ते बऱ्याच उशिरा. तिचं आत्मकथन, 'अ टेस्टिमनी', १९०७ मध्ये आलं. आधी सल्ला, २५ वर्षांनी कहाणी. त्या काळात बाईने स्वतःबद्दल बोलणं म्हणजे आगाऊपणा. दुसऱ्या बायकांच्या भल्यासाठी बोलणं मात्र चालायचं. त्यामुळे जे 'मी' म्हणून सांगता येत नव्हतं ते 'स्त्रियांनी' म्हणून सांगितलं जायचं. हा आडोसा करीनाला लागत नसेल असं वाटतं, पण पूर्ण तसंही नाही. तिच्या घराबद्दल, आईवडिलांच्या दुराव्याबद्दल, आधीच्या नात्यांबद्दल ती थेट लिहिती तर दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी झाली असती. लिपस्टिकबद्दल लिहिलं तर कुणाला काही बोलायला जागा नसते.

जी दुसऱ्यांचे कपडे लिहिते

या सगळ्यांत एक उलटं उदाहरण आहे आणि ते पक्कं मराठी आहे. भानू अथैया. माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार. भानू लहान असतानाच ते गेले. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, तिथे सुवर्णपदक, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात चित्रं. हुसेन, सूझा, रझा यांच्या बरोबरीने नाव झालं असतं अशी सुरुवात. पण मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता त्या कपड्यांकडे वळल्या आणि तिथून सिनेमाकडे. 'सीआयडी', 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'गाइड', 'लेकिन', 'लगान'. 'गांधी'साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

त्यांचं 'द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन' २०१० मध्ये आलं. बाहेरून ते व्यवसायाबद्दलचं पुस्तक आहे: कोणत्या सिनेमासाठी काय केलं, कापड कुठून आणलं, अभ्यास कसा केला. 'आम्रपाली'साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भिंतींवरची वस्त्रं बघितली होती, आणि तो वैजयंतीमालाचा वेश आजही नाटक-सिनेमावाल्यांच्या डोक्यातून जात नाही. 'श्री ४२०'मधला नादिराचा झगमगता गाऊन त्यांचाच.

इथे 'तुम्ही काय घालावं' हा प्रश्नच येत नाही. प्रश्न असतो की हे पात्र काय घालेल. त्या पात्राचं घर कसं, पैसे किती, कोणत्या प्रांतातलं, कोणत्या मनःस्थितीत. आणि त्यामुळे हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून वाचायला जास्त अवघड आणि जास्त सुंदर आहे. बाई स्वतःबद्दल कमी बोलतात. पण कापडाच्या निवडीबद्दल बोलताना चित्रकाराचा डोळा दिसत राहतो, जो त्यांनी चित्रकलेतून काढून घेतला आणि कधी परत दिला नाही. कॅनव्हास सोडल्याचं दुःख होतं की नव्हतं, हे थेट कळत नाही. रंगाबद्दलच्या वाक्यांमधून ज्याचं त्याने ताडायचं. ऑस्करची बाहुलीसुद्धा त्यांनी स्वतःजवळ ठेवली नाही. आपल्यामागे ती नीट राहावी म्हणून २०१२ मध्ये ती अकादमीकडे परत पाठवली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या.

करीनाच्या पुस्तकात प्रत्येक पानावर चेहरा आहे आणि माणूस शोधावा लागतो. भानूताईंच्या पुस्तकात चेहरे दुसऱ्यांचे आहेत आणि माणूस प्रत्येक टाक्यात आहे.

मग 'खरं' कोण लिहितं?

इथे एक रास्त शंका येते. अशा पुस्तकांवर सहलेखक असतो. प्रकाशकाचा संपादक असतो, सेलिब्रिटीचा मॅनेजर असतो, कधी ब्रँडशी केलेले करार असतात. मग त्यातला 'मी' नक्की कुणाचा?

करीनाच्या पुस्तकाच्या बाबतीत एक बरं आहे की रोशेल पिंटो यांचं नाव लपवलेलं नाही. लपवलं असतं तरी बिघडत नव्हतं. मराठीत हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' (१९७०) हे तर शीर्षकापासूनच सांगितलेलं आहे. त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्याने शब्दांकन केलं. म्हणून ते आत्मचरित्र नाही असं कुणी म्हणत नाही. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे जी ठरवते, पुस्तक तिचं.

ब्रँडचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे डोळे उघडे हवेत. आवड सांगितली जातेय की जाहिरात केली जातेय हे पुस्तकात कळायला मार्ग नसतो. सोशल मीडियावर निदान नियम आहे. भारतातल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यानुसार पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली पोस्ट 'जाहिरात' म्हणून दाखवावी लागते. पाळतात किती, ते तुमच्या फीडमध्ये तुम्हीच बघता.

आणि फीडचाच विषय निघालाय तर, 'गेट रेडी विथ मी'च्या रील्स आठवा. एक मुलगी आरशासमोर बसते, फाउंडेशन लावता लावता ब्रेकअपबद्दल बोलते, काजळ घालता घालता नोकरी का सोडली ते सांगते. शेवटी केस मोकळे सोडून निघते. वर लिहिलंय 'दहा मिनिटांत साधा लूक', पण कमेंटमध्ये लिपस्टिकची शेड विचारणाऱ्या जितक्या, तितक्याच 'ताई, माझंही असंच झालं' म्हणणाऱ्या. हे 'स्टाइल डायरी'चं धाकटं भावंड आहे. हात कामात असले की तोंड मोकळं होतं, हे भाजी निवडत बसणाऱ्या बायकांना फार आधीपासून माहीत आहे.

शोभा डे यांना हे आधीच कळलं होतं

करीनाचं पुस्तक ज्यांच्या नावाच्या शाखेतून आलं त्या शोभा डे यांची स्वतःची पुस्तकं बघितली तर हा सगळा मामला एका बाईच्या कपाटात लावलेला सापडतो. त्या आधी मॉडेल होत्या, मग 'स्टारडस्ट'च्या संपादक झाल्या. म्हणजे आधी कपडे घालून दाखवले, मग कपडे घालणाऱ्यांबद्दल लिहिलं. १९९८ मध्ये 'सिलेक्टिव्ह मेमरी' हे आठवणींचं पुस्तक आलं. नावातच कबुली: आठवतंय तेवढंच नव्हे, निवडलंय तेवढं.

२०१० मध्ये साठी ओलांडल्यावर 'शोभा ॲट सिक्स्टी' आलं. उपशीर्षकात 'कोणत्याही वयात सगळं नीट जमवण्याची गुपितं' अशा अर्थाचं आश्वासन आहे, म्हणजे रीतसर सल्ल्याचं पुस्तक. पण 'साठीत कसं दिसावं' हे साठीची बाई सांगते तेव्हा त्यातला प्रत्येक नियम तिच्या अंगावरून गेलेला असतो. सत्तरीला 'सेव्हन्टी... अँड टू हेल विथ इट' आलं, २०१७ मध्ये. गुपितं गेली, 'खड्ड्यात गेलं सगळं' आलं. आणि २०२३ मध्ये, पंचाहत्तरीला, 'इन्सेशिएबल'. त्यात विषय खाण्याचा आहे. कुणी काय वाढलं, कुणाबरोबर जेवलो, कुठल्या ताटाभोवती काय बोलणं झालं. या वेळी मात्र सल्ल्याचा पदर बाजूला सारून त्यांनी सरळ आपल्या भुकेबद्दल लिहिलं.